सरांचं रिटर्न राहिलं

आमच्या सरांच्या स्कूटरची किल्ली कायम पँटच्या मागच्या उजव्या खिशात असायची. हे आख्ख्या क्लासला माहीत होतं, क्लासच्या खाली खत-औषधांचं दुकान चालवणाऱ्या शेठना माहीत होतं, सरांच्या आईंनाही माहीत होतं. पण किल्ली शोधायची वेळ आली की सर शर्टाच्या खिशापासून सुरुवात करत. शर्टाचा खिसा म्हणजे नंबर शून्य. त्यात बोटं घालून ते स्वतःशीच म्हणत, "न्हाई." मग पँटचा पुढचा डावा, नंबर एक. "न्हाई." असं करत करत शेवटच्या खिशात हात गेला की चेहरा असा खुलायचा की वाटावं, किल्ली हरवली होती आणि आता कुठे सापडली.

"सर, थेट मागच्या खिशातच का बघत नाही?" मी एकदा न राहवून विचारलं.

"आन् एखांद्या दिवशी पुढच्या खिशात असली मंग?"

"पण कधीच नसते ना."

"आजपत्तोर न्हवती," सर म्हणाले आणि स्कूटरला किक मारत बसले. त्या स्कूटरला बटण होतं. तेही त्यांना सगळ्यात शेवटी आठवायचं.

सरांचा जावास्क्रिप्टचा, म्हणजे कोडिंगच्या एका भाषेचा, क्लास श्रीरामपुरात होता. जिना चढताना कीटकनाशकाचा वास नाकात बसायचा तो घरी जाऊन आंघोळ केल्याशिवाय जायचा नाही. मी राहुरीच्या पलीकडच्या एका गावातून एसटीनं यायचे. कोडिंग शिकलं की पुण्याला नोकरी लागते, एवढ्यावर वडिलांनी मला पाठवलं होतं. कोडिंग म्हणजे काय ते त्यांना अजूनही नीट कळलेलं नाही, आणि नोकरी लागल्यापासून त्यांनी ते विचारायचंही सोडून दिलं आहे.

सरांना पुस्तकी भाषेचा तिटकारा होता. अ‍ॅरे म्हणजे काय, हे त्यांनी पहिल्या दिवशी आम्हाला दाराबाहेर नेऊन दाखवलं. बाहेर आमच्या चपला पडल्या होत्या. सरांनी त्या पायानं सरळ एका रांगेत लावल्या. "ह्यो अ‍ॅरे. पयली चप्पल शून्य नंबरची. आता भाऊसाहेब, तू फाइंड, म्हंजी रांगेत शोधनारा. तुला अट देतो. काळी आन् अंगठा तुटलेली. सुरवातीपासून बघत जायाचं."

भाऊसाहेब नावाचा वांबोरीचा एक लांबलचक मुलगा वाकून एकेक चप्पल बघत निघाला. एक सापडली. ती उचलून तो पुढे बघायला लागला तर सर ओरडले, "थांब. कुठं चालला? पुढं बघायचं न्हाई. फाइंडला पयली गावली की फाइंडचं काम संपलं."

"पण पुढं अजून चांगली असली तर?"

"तुला चांगली बघायला सांगितलीया का तुटलेली?"

गडबड एवढीच झाली, की त्या रांगेत खाली दुकानात आलेल्या आणि सहज वर डोकावलेल्या एका पाहुण्यांच्याही चपला होत्या, आणि भाऊसाहेबाच्या हातात त्यांचीच डावी होती. ते गृहस्थ अनवाणी उभं राहून बराच वेळ हे सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "मास्तर, तुमचं चालू द्या, पर माझी शेवटची गाडी हाय."

सर स्वतः फाइंडसारखेच जगायचे. भाजीबाजारात शिरले की पहिल्या पाटीवरची मेथी घ्यायचे. पुढे अर्ध्या भावात हिरवीगार मेथी असली तरी त्यांचं तिच्याकडे लक्षही जायचं नाही. शर्ट घ्यायला गेले तर पहिला मापाचा शर्ट पिशवीत. म्हणून त्यांच्याकडे गुलाबी शर्ट फार होते, कारण त्या दुकानदारानं त्यांना ओळखलं होतं आणि न खपणारा माल तो वरच ठेवायचा.

फिल्टर मात्र त्यांना आवडायचं नाही. फिल्टर पूर्ण रांग बघतं आणि अटीत बसणारे सगळे गोळा करून आणतं. "फिल्टर म्हंजी बाई साडीच्या दुकानात," असं त्यांनी फळ्यासमोर म्हटलं आणि मागं वळून हसले. क्लासमधल्या आम्ही मुली हसलो नाही. मी उठून विचारलं, "सर, गेल्या महिन्यात तुम्ही आणि शेठ मोबाईल घ्यायला गेला होता, तेव्हा शेठनी किती दुकानं बघितली?"

सरांनी जरा विचार केला. शेठ त्यांना सकाळी घेऊन गेले होते आणि संध्याकाळी मोबाईल न घेताच परत आले होते. सरांनी डस्टर घेऊन फळा पुसला आणि म्हणाले, "फिल्टर म्हंजी शेठ." त्या दिवसापासून क्लासमध्ये तोच दाखला चालू झाला. खाली शेठच्या कानावर तो गेला तेव्हा, जागा त्यांचीच असल्यामुळे, त्यांनी वरचा पंखा दुरुस्त करायला महिनाभर लावला.

गैरहजर मुलाला सर "उणे एक" म्हणत. रांगेतल्या एखाद्याचा नंबर विचारला आणि तो रांगेत नसला की जावास्क्रिप्ट उणे एक सांगतं, त्यावरून. पण त्यांचं खरं प्रेम शून्यावर होतं. नवशिकी मुलं हमखास चूक करायची की शोधलेली वस्तू शून्य नंबरवर सापडली तर ती सापडलीच नाही असं धरून पुढं जायची. सरांचा संताप व्हायचा. "शून्यावर हाय म्हंजी हाय. पयल्या नंबरवर बसलेल्या मान्साला तुमी मोजतच न्हाई, ह्यो काय न्याय झाला?" मी पहिल्या बाकावर भिंतीकडेला बसायचे, म्हणजे शून्यावर. घरी तीन बहिणींत थोरली असल्यामुळे मला ते वाक्य फार आवडलं होतं.

आता सरांच्या लग्नाकडे येते, कारण त्या दिवसांत त्या क्लासमध्ये दुसरा विषयच नव्हता. सरांचं लग्न जमत नव्हतं. वय वाढत चाललं होतं, डोक्यावरचे केस कमी होत चालले होते, आणि सरांच्या आई दिवसेंदिवस धीट होत चालल्या होत्या. क्लासच्या मागच्या खोलीत त्या राहायच्या. नवीन मुलगी क्लासला आली की आधी तिला चहा द्यायच्या आणि मग विचारायच्या, "तुझ्या वळखीत कोनी हाय का गं? शिकलेली नसली तरी चालंल. आमचा शिकवतोय की."

मुली बघायला सर जात होते. नेवासा झालं, कोपरगाव झालं, पाथर्डीपर्यंत जाऊन आले. पोहे खाऊन यायचे आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे क्लासला उभे. काय झालं विचारलं तर म्हणायचे, "तिकडून काय आलं न्हाई." आईंचं तोंड उतरायचं. ती माउली सुनेसाठी घेऊन ठेवलेलं हिरवं लुगडं दर दसऱ्याला उन्हात घालून पुन्हा घडी करून ठेवायची. ते बघून आम्हाला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की आम्हाला काहीतरी उपद्व्याप सुचायचा.

एका दुपारी सर स्कूटर घेऊन बाहेर गेले होते तेव्हा आम्ही सरांसाठी बायको शोधणारा प्रोग्राम लिहिला. ओळखीतल्या लग्न न झालेल्या बायका आठवून आठवून अ‍ॅरेत भरल्या. अटी आम्हीच ठरवल्या. शिकलेली हवी, बोलकी हवी, आणि एकच गोष्ट रोज ऐकून न कंटाळणारी हवी. फाइंड लावलं, बटण दाबलं. पडद्यावर आलं, अनडिफाइन्ड. म्हणजे कोणीच नाही. भाऊसाहेबानं "बोलकी" काढून टाकलं. पुन्हा अनडिफाइन्ड. मग आम्ही सगळ्याच अटी काढून फक्त "बाई असावी" एवढीच ठेवली. तरी अनडिफाइन्ड.

"एवढं वाईट हाय व्हय नशीब," भाऊसाहेब हळहळला, आणि त्याच वेळी मागून कोणीतरी घसा खाकरला.

सर उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. सर वाकले, पडदा वाचला. अ‍ॅरेचं नाव आम्ही "वहिनी" ठेवलं होतं, तेही त्यांनी वाचलं. मग शांतपणे म्हणाले, "रिटर्न राहिलं की रं."

सरांनी खडू घेतला. "फाइंडला आपून काय देतो? येक मध्यस्थ देतो. त्यो एकेका घरी जातो. मुलगी बघतो, चहा पितो, अट तपासतो, आन् भायेर यिऊन सांगतो, व्हय का न्हाई. ते सांगनं म्हंजी रिटर्न. आता तुमचा मध्यस्थ सगळ्या घरी गेला. सगळं बघितलं. मनातल्या मनात पसंतबी केलं. आन् भायेर यिऊन गप बसला. फाइंडनं काय समजायचं?"

"नकार," आम्ही म्हणालो.

"नकारच. जावास्क्रिप्ट तुमाला चूक झाली आसंबी सांगनार न्हाई. रांग संपनार, आन् हातात काय न्हाई. लोकं म्हननार, नशीब वाईट. नशीब कशाचं? निरोपच दिला न्हाई मध्यस्थानं."

सरांनी स्वतः रिटर्न लिहिलं आणि बटण दाबलं. पहिलं नाव आलं ते आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातल्या बाईंचं, ज्यांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाची वर्गणी त्याच आठवड्यात निघाली होती. सर नाव बघत राहिले. "वयाची अट टाकायला पायजे हुती," एवढंच म्हणाले आणि पुढचा धडा घेतला. मागच्या खोलीतून आई मात्र येऊन विचारून गेल्या, बाई कुठल्या म्हणून.

पुढे मला पुण्यात नोकरी लागली. सर, क्लास, औषधाचा वास, सगळं मागं पडलं. सुट्टीला आले की आत्याकडे जायचे. आत्याचं गाव नेवाशाकडे. तिची मुलगी, आमची ताई, राहुरीला एका माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. शेतकरी पिशवीतून माती आणतात आणि ताई तिच्यात काय आहे आणि काय कमी आहे ते शोधून सांगते. लग्नाच्या बाबतीत तीही सरांसारखीच रेंगाळलेली होती, कारण येणाऱ्या प्रत्येकाला ती नोकरी सोडणार का हे जाणून घ्यायचं असायचं आणि ताई नाही म्हणून मान हलवून पोह्यांची बशी पुढं करायची.

यंदाच्या संक्रांतीला आम्ही दोघी ओट्यावर हरभरा सोलत बसलो होतो. ताई म्हणाली, "मागं एक पाहुणे यिऊन गेले. श्रीरामपूरचे. क्लास घेतात म्हनं."

माझा हात थांबला. "गुलाबी शर्ट?"

"व्हय. तुला कसं म्हाईत?" आणि मग ताई सांगत सुटली. त्या माणसानं नोकरीबद्दल काही विचारलं नाही. एकच विचारलं, तुमी मातीत काय शोधता, आन् ते गावत न्हाई तवा काय लिवता? ताईनं सांगितलं आणि तो सगळं संपेपर्यंत ऐकत बसला. पोहे निवून गेले तरी हलला नाही. आत्यानं दोनदा चहा विचारला, ते त्याला ऐकूच गेलं नाही. "मला बरा वाटला गं," ताई म्हणाली. "पयल्यांदाच कोनी तरी बरा वाटला. पर त्यांनी नकार दिला."

"काय म्हणाले?"

"काय म्हनायचं? निरोपच आला न्हाई. मुलाकडनं निरोप आला न्हाई म्हंजी नकारच की. आमी साध्या मातीचासुद्धा रिपोर्ट देतो. मला त्योबी दिला न्हाई." तिनं सोललेला हरभरा टरफलांच्या ढिगात टाकला आणि तिला ते कळलंही नाही.

मला हसावं की रडावं कळेना. दर वेळी मुलगी बघून आल्यावर सर म्हणायचे ते "तिकडून काय आलं न्हाई" मला आठवलं. आत्या सांगत होती की औरंगाबादकडच्या एका स्थळाला येत्या रविवारी होकार कळवायचा आहे. मुलगा बरा आहे, फक्त नोकरी सोडावी लागेल. ताईनं मान हलवायची बंद केली होती.

दुसऱ्या दिवशी मी सकाळची एसटी पकडून श्रीरामपूर गाठलं. जिन्यात तोच वास. वर क्लास भरला होता, नवी पोरं होती, आणि सर फळ्याजवळ उभे राहून तोच मध्यस्थ, तीच मुलगी, तोच चहा समजावून देत होते. मला बघून हसले आणि शेवटच्या बाकाकडे हात केला. मी बसले. सांगणं संपलं तेव्हा मी हात वर केला.

"सर, एक शंका."

"आता तुला कसली शंका? तू कमावती झाली."

"मध्यस्थाला मुलगी पसंत होती. पण तो घरी येऊन गप्प बसला. का गप्प बसला, तर त्याला वाटलं, मुलीनं आधी सांगावं. मग काय येईल?"

"आसं कोन करतं?" सर हसत म्हणाले. "पन केलंच तर काय, अनडि..."

ते थांबले. खडू हातात तसाच राहिला. पोरं माझ्याकडे आणि सरांकडे आळीपाळीनं बघायला लागली. मी म्हटलं, "नेवाशाकडची, राहुरीला माती तपासणारी. माझी आतेबहीण आहे."

सर खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मी कसं आधी सांगनार? पोरीच्या घरी जायाचं, तिचे पोहे खायाचे, तिला वरनं खालनं बघायचं, आन् वर आपूनच पसंती सांगायची? तिला बिचारीला कोन इचारतं? म्हनून मी ठरवलं हुतं, मुलीनं व्हय म्हनल्याबिगर आपून बोलायचं न्हाई. तत्त्व हाय माझं."

"चांगलं आहे तत्त्व. सांगितलं होतं का त्यांना?"

सरांनी खडू टेबलावर ठेवला.

"पाथर्डीला?"

सरांनी नाही अशी मान हलवली.

"कोपरगावला?"

मागच्या खोलीचं दार उघडं होतं. तिथं आई उभ्या होत्या, पिठाचे हात तसेच. इतकी वर्षं नशिबाला बोल लावणाऱ्या त्या बाईंनी मुलाकडे असं बघितलं की भाऊसाहेब तिथं असता तर बाकाखाली गेला असता. "म्हंजी त्या समद्या पोरी," आई म्हणाल्या, "समद्या घरात आपली वाट बघून बसल्या हुत्या?"

सर उठले. मी सांगितलं की आत्या रविवारी दुसऱ्या एका स्थळाला होकार कळवणार आहे आणि ताई दुपारपर्यंत प्रयोगशाळेत असते. सरांनी फळ्याकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, आणि किल्लीसाठी हात नेला. थेट मागच्या उजव्या खिशात. खाली स्कूटर बटणावर चालू झाल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी खिडकीतून ऐकला.

प्रयोगशाळेत काय झालं ते ताईनं संध्याकाळी फोनवर सांगितलं. सर रांगेत उभे राहिले होते, शेतकऱ्यांच्या मागं, हातात शेठच्या दुकानाची पिशवी आणि तिच्यात वाटेत कुठूनतरी उचललेली माती. नंबर आल्यावर पिशवी ताईच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "पसंत हाय. तवाच हुती. सांगायचं राहिलं. तुमची मर्जी काय ती तुमी सावकाश सांगा, आन् नोकरीचं मला इचारूबी नका, ती तुमची हाय."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हनलं, रिपोर्टला वेळ लागतो. परवा या." ताई हसत होती. "माती लई नापीक हाय गं. रस्त्याकडची दिसती."

लग्न मे महिन्यात झालं. करवली म्हणून नवरदेवाचे जोडे लपवायचा मान माझा होता. मी त्यांच्या लाल मोजड्या कार्यालयाबाहेर पडलेल्या पाहुण्यांच्या चपलांत मिसळल्या. डावी सगळ्यात अलीकडे, आणि उजवी पार पलीकडे, मांडवाच्या टोकाला. सर बाहेर आले. शून्यापासून बघायला लागले. डावी लगेच सापडली. त्यांचा चेहरा खुलला, त्यांनी ती पायात घातली आणि समाधानानं वळून चालायला लागले. दुसरा पाय तापलेल्या फरशीवर पडला तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं की काहीतरी राहिलं आहे.

"फिल्टर लावा, सर," भाऊसाहेब लांबून ओरडला.

एका पायावर नाचत सर आमच्याकडे आले. दुसरा जोडा तोवर मी उचलून पाठीमागं धरला होता. पाहुण्यांना वाटलं, आता मी पैसे मागणार. मी म्हटलं, "पैसे नकोत. मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल असा निरोप द्या."

सरांनी ताईकडे पाहिलं. क्लासमध्ये शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज काढून ते म्हणाले, "मुलगी पसंत हाय."

ताई हिरवं लुगडं नेसून उभी होती. तिच्या शेजारी सरांच्या आई होत्या. त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, "आता सांगतोय. अक्षता पडल्यावर."